अकराशे अडतीस किलोमीटर आणि दोन तास दहा मिनिटं

मुंबईहून दिल्लीला निघालेलं विमान वर गेल्यावर तासाला सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडतं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर आहे १,१३८ किलोमीटर. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित मांडलं तर उत्तर येतं एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र दोन तास दहा मिनिटं छापलेली असतात; गर्दीच्या वेळच्या विमानाला दोन तास पंधरा, दोन तास वीससुद्धा. म्हणजे जवळजवळ पन्नास मिनिटांचा हिशेब लागत नाही. ही मिनिटं जातात कुठे, हे पाहायला गेलं की लक्षात येतं की अंतर आणि वेळ या दोन गोष्टींचं आपण समजतो तेवढं जवळचं नातं नाही.

आधी अंतराचं पाहू, कारण तेही एकच एक नाही. मुंबई ते दिल्ली किती किलोमीटर, असं इंटरनेटवर विचारलं तर निरनिराळे आकडे समोर येतात आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे बरोबर असतात. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून इंदिरा गांधी विमानतळापर्यंत मोजलं तर १,१३८. फोर्टपासून कॅनॉट प्लेसपर्यंत मोजलं तर १,१६६. मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, दिल्लीचा शहराच्या नैर्ऋत्येला. दोघेही एकमेकांच्या दिशेने सरकून बसले आहेत, म्हणून हा २८ किलोमीटरचा फायदा. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली रेल्वेने १,३८४ किलोमीटर, रस्त्याने चौदाशेच्या आसपास.

हवाई अंतर कुणी टेपने मोजत नाही. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावर त्यांना जोडणारी सर्वांत छोटी रेषा काढायची. या रेषेला भूगोलात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीगोलावर दोन शहरांना दोरा लावून तो घट्ट ताणला की दोरा जिथून जातो तो हा मार्ग. मुंबई-दिल्लीसारख्या जवळच्या शहरांत हा कंस आणि नकाशावरची सरळ रेघ यांत फरक जाणवत नाही. मुंबई-न्यूयॉर्कला मात्र तो इतका जाणवतो की, विमान पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेकडे का निघालं, असं समोरच्या पडद्यावरचा नकाशा पाहणाऱ्याला वाटावं. दोष नकाशाचा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे प्रदेश ओढूनताणून मोठे होतात आणि आखूड वाट लांब दिसायला लागते.

हेच अंतर वैमानिक किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचं गणित सोयीचं आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग, म्हणजे एक कला, जमिनीवर साधारण एक सागरी मैल भरते. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांशावर, दिल्लीचा २८.५७ वर. फरक ९.४८ अंशांचा, त्याला साठाने गुणलं की ५६९ सागरी मैल. ही झाली फक्त उत्तरेकडची मजल. दिल्ली मुंबईच्या थोडी पूर्वेलाही आहे, ते धरून एकूण ६१४. समुद्रावरच्या खलाशांनी रूढ केलेलं माप आकाशातही टिकलं ते या सोयीमुळेच. पृथ्वी तंतोतंत गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तेही हिशेबात धरलं तर या वाटेवर दोन-तीन किलोमीटर कमी होतात. तेवढं सोडून द्यायला हरकत नाही.

मुंबई-दिल्ली ही सरळ रेषा जमिनीवर कुठून जाते, हे नकाशावर पट्टी ठेवून पाहण्यासारखं आहे. मध्यबिंदू येतो रतलामच्या थोडा उत्तरेला. पुढे रेषा कोटा शहराच्या जवळून जाते आणि सवाई माधोपूर उजव्या हाताला ठेवते. रतलाम, कोटा, सवाई माधोपूर ही नावं राजधानी एक्सप्रेसने जाणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. म्हणजे मधल्या टप्प्यात विमान आणि रेल्वे जवळजवळ एकाच वाटेने जातात. मग रेल्वेचे अडीचशे किलोमीटर वाढतात कुठे? दोन्ही टोकांना. मुंबईहून निघालेली गाडी वसई, सुरत करत वडोदऱ्याला जाते, तेव्हा ती सरळ रेषेपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला असते; आणि पुढे मथुरेला पोचते तेव्हा शंभरेक किलोमीटर पूर्वेला. रुळांना सह्याद्री टाळायचा होता, गावं जोडायची होती. विमानाला यातलं काहीच करायचं नसतं. त्याच्या अडचणी वेगळ्या.

त्या अडचणी दारातच सुरू होतात. तिकिटावर सुटायची वेळ सकाळी आठची असेल, तर आठला विमान आकाशात झेपावेल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आठ ही विमान जागेवरून हलायची वेळ आहे. चाकांपुढे लावलेले ठोकळे काढले, ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं, की घड्याळ सुरू. दिल्लीला जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लागले की घड्याळ बंद. या दोन क्षणांमधला काळ तिकिटावर छापलेला असतो. त्यात उडण्याइतकंच जमिनीवर चालणंही आलं, आणि रांगेत उभं राहणंही.

मुंबईत ही रांग टळत नाही. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवरून विमान उडत असताना दुसरी वापरता येत नाही, म्हणून व्यवहारात एकाच धावपट्टीचा विमानतळ. तरीही इथे एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं-अवतरणं झालेली आहेत, आणि एकाच धावपट्टीवर चालणाऱ्या जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत मुंबईचं नाव घेतलं जातं. गर्दीच्या तासात पूर्वी ४६ विमानांची ये-जा व्हायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही संख्या ४४ वर आणायला लावली. कारण असं सांगितलं होतं की, उतरायची वाट पाहत विमानं शहरावर चाळीस मिनिटं ते तासभर घिरट्या घालत होती. विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळतं असं धरून सरकारने हिशेबही मांडला होता: चाळीस मिनिटांच्या घिरट्यांना एक लाख ऐंशी हजार रुपयांचं इंधन. एका विमानाचं, एका वेळचं. ४४ चा आकडा धरला तरी दर ब्याऐंशी सेकंदांनी एक विमान धावपट्टीवरून उठतं किंवा तिच्यावर टेकतं. इतक्या घट्ट विणलेल्या वेळापत्रकात एखाद्या विमानाने धावपट्टी सोडायला अर्धं मिनिट जास्त घेतलं, तर मागच्या सगळ्यांना ते भोगावं लागतं. म्हणून मुंबईत जागेवरून हलल्यापासून उडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरलेली असतात.

मग विमान उडतं, आणि उडतं तेही भलत्या दिशेला. दिल्ली उत्तरेला, किंचित ईशान्येला झुकलेली. विमान मात्र बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे झेपावतं. विमानाला उडताना आणि उतरताना समोरून वारा हवा असतो आणि मुंबईत वारा बहुतेक काळ समुद्राकडून येतो. जुहूची किनारपट्टी खाली टाकून, पाण्यावर वळण घेऊन मग ते उत्तरेला लागतं. खिडकीपाशी बसलेल्याला त्या वेळी जुहूची जुनी छोटी धावपट्टीही दिसू शकते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, पुस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानाने इथेच उतरले होते. सकाळी निघाले ते दुपारी पोचले. आज त्या जुहूच्या डोक्यावरून, पाच मिनिटांत नजरेआड होणारी विमानं जातात.

दहा हजार फुटांच्या खाली विमानाला २५० नॉटची, म्हणजे तासाला सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते. खालच्या हवेत गर्दी, पक्षी, उतरणारी-चढणारी विमानं, म्हणून हा नियम. पस्तीस हजार फुटांपर्यंत चढायला वीस-बावीस मिनिटं लागतात आणि तोवर सुमारे दोनशे किलोमीटर मागे पडलेले असतात. इकडे उतरण्याचाही एक ठोकताळा आहे: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी सुरुवात करायची. पस्तीस हजार फुटांसाठी १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर. दिल्लीला जाणारं विमान जयपूरच्या पूर्वेला, दौसाच्या आसपास असतानाच खाली यायला लागतं. कानात दडे बसायला लागतात ते तिथे. हवाई सुंदरी तेव्हा चहाचे कप गोळा करायला घाई का करतात, याचं कारणही हेच.

म्हणजे ११३८ पैकी चढणीचे दोनशे आणि उतरणीचे एकशे पंच्याण्णव वजा केले, तर पूर्ण वेगाने, पूर्ण उंचीवर विमान जातं ते जेमतेम साडेसातशे किलोमीटर. पन्नास-पंचावन्न मिनिटं. ज्या ८३० च्या वेगावर आपण सुरुवातीला भागाकार केला, तो वेग अख्ख्या प्रवासात इतकाच वेळ खरा असतो.

दिल्लीला पोचलं तरी उतरणं सरळ नाही. तिथेही वारा बहुतेक काळ पश्चिमेचा, म्हणून विमानं पश्चिमेला तोंड करून उतरतात. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला धावपट्टीच्या पूर्वेला जाऊन वळून यावं लागतं. नियंत्रण कक्ष त्याला इतर विमानांच्या माळेत ओवतो. कुणाला वेग कमी करायला सांगतो, कुणाला जरा लांबचं वळण देतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर आकाशातच थांबवून ठेवतात. ही थांबण्याची रीतही ठरलेली असते: एक मिनिट सरळ, एक मिनिटाचं अर्धवर्तुळ, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धवर्तुळ. एक फेरी चार मिनिटांची. विमान किती वेळ अडकलंय, हे खिडकीतून सूर्य किती वेळा बाजू बदलतो ते मोजून कळू शकतं. टेकल्यावरही दिल्लीचा विमानतळ एवढा अवाढव्य की, काही धावपट्ट्यांवरून टर्मिनलपर्यंत जाणं हाच एक वेगळा प्रवास व्हायचा. जुलै २०२३ मध्ये तिथे विमानांसाठी दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा उन्नत मार्ग सुरू झाला. खालून मोटारींचा रस्ता आणि वरून विमान, असं दृश्य आता दिल्लीत रोजचं आहे.

आता बेरीज करू. मुंबईत जमिनीवर अठरा मिनिटं, चढण बावीस, वरचा सरळ पल्ला त्रेपन्न, उतरण आणि वळणं अठ्ठावीस, दिल्लीत जमिनीवर दहा. झाली १३१ मिनिटं, म्हणजे दोन तास अकरा. तिकीट खोटं बोलत नव्हतं तर.

तरीही त्यात थोडी राखून ठेवलेली मिनिटं असतात, आणि ती विमान कंपनीच्या सोयीची असतात, असं माझं मत आहे. विमान ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलं-गेलं तर ते वेळेवर धरलं जातं. कुठली कंपनी किती वेळेवर, याचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला जाहीर करतं आणि कंपन्या जाहिरातीत ते मिरवतात. मग सोपा उपाय: वेळापत्रकातच दहा मिनिटं जास्त लिहायची. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं, वेळेवर सुटलेलं आधी पोचतं, आणि ‘आपण नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी घोषणा कौतुकाच्या सुरात होते. त्यानंतर बरेचदा टर्मिनलची जागा रिकामी नसल्याने विमान वाटेतच उभं राहतं आणि घोषणा ऐकून उठलेली माणसं डोक्यावर बॅगा घेऊन ताटकळतात. नव्वदच्या दशकात याच मार्गावरची वेळ दोन तासांच्या आतबाहेर असायची. विमानं तेव्हापेक्षा हळू झालेली नाहीत. आकाश आणि धावपट्ट्या भरल्या आहेत, आणि वेळापत्रकं सावध झाली आहेत.

विमानं वेगवान मात्र झालेली नाहीत, हे मोठं आश्चर्य. मुंबई-दिल्ली राजधानी १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती एकोणीस तासांच्या आसपास घ्यायची, आज साडेपंधरा. एअर इंडियाने १९६० मध्ये आणलेलं बोइंग ७०७ मात्र आजच्या एअरबस ए३२० पेक्षा वेगाने मागे नव्हतं, काकणभर पुढेच होतं. याचं कारण आवाजाचा वेग. पस्तीस हजार फुटांवर तापमान उणे पन्नासच्या घरात असतं आणि तिथे आवाज तासाला हजार-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. विमान त्या वेगाच्या जवळ यायला लागलं की पंखांवरून जाणारी हवा काही ठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते, हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. म्हणून ए३२० सारखी विमानं आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्क्यांवर थांबतात. कॉन्कॉर्डने ही भिंत ओलांडली आणि १९७६ पासून २००३ पर्यंत ती प्रवासी नेत होती, पण श्रीमंतांनाही परवडेना.

या ७८ टक्क्यांच्या आत-बाहेरही थोडी निवड असते. विमानाच्या संगणकात वैमानिक एक आकडा भरतो. कंपनीला एक मिनिट महाग की एक किलो इंधन महाग, याचं ते गुणोत्तर. भारतात विमान कंपनीच्या खर्चाचा तीस-चाळीस टक्के वाटा इंधनाचा, म्हणून आकडा बहुधा कमी ठेवतात आणि विमान जरा सावकाश जातं. पुढच्या विमानाला जोडून जाणारे प्रवासी असतील, किंवा कर्मचाऱ्यांची कामाची वेळ संपत आली असेल, तर आकडा वाढवतात. मुंबई-दिल्लीसारख्या पल्ल्यावर एवढं करून वाचतात दोन-चार मिनिटं. ‘आम्ही वेग वाढवून वेळ भरून काढू’ असं कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेवावं.

वेळ खरी कमी-जास्त करतो तो वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो. तासाला १८५ किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त. मुंबई-दिल्लीच्या वाटेवर तो राजस्थानपासून पुढे लागतो. विमानाची दिशा उत्तरेपासून सुमारे २२ अंश पूर्वेकडे, म्हणून वारा मुख्यतः डाव्या कुशीत लागतो. पुरातून पलीकडे जायचं तर नावाडी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसं विमानाचं नाक दहा-बारा अंश डावीकडे वळवून ठेवावं लागतं. आतल्या माणसाला पत्ता लागत नाही, पण विमान तेव्हा तिरकं सरकत असतं. या वाऱ्याचा काही हिस्सा पाठीमागूनही ढकलतो. जाताना तासाला सत्तरेक किलोमीटरचा फायदा, येताना तेवढाच तोटा.

मुंबई-कोलकाता हा मार्ग जवळजवळ पश्चिम-पूर्व आहे, साडेसोळाशे किलोमीटरच्या थोडा वर. तिथे हा फरक वेळापत्रकातच दिसतो. कोलकात्याला जाण्यापेक्षा तिथून मुंबईला येण्याची वेळ दहा-वीस मिनिटांनी जास्त लिहिलेली असते. मुंबई-लंडनला तो तासभर होतो, आणि तिथे जायचं पश्चिमेला असल्यामुळे जातानाच जास्त लागतो.

वारा अंतरालाही हरवू शकतो, याचा लखलखीत पुरावा ऑक्टोबर २०१६ मध्ये मिळाला. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. त्या महिन्यात ते पहिल्यांदा उलट्या बाजूने, चीन-जपानकडून प्रशांत महासागर ओलांडून गेलं. हा मार्ग सुमारे चौदाशे किलोमीटर लांब होता. पंधरा हजारांच्या पुढे गेलेला. पण वारा समोरून यायच्या ऐवजी पाठीशी आला. विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. मुंबई-दिल्लीच्या सरळ अंतराहूनही जास्त पल्ला अधिकचा कापून वेळ वाचवणं! किलोमीटर हे हवाई प्रवासाचं किती कच्चं माप आहे, हे यापेक्षा चांगलं कशाने सांगणार?

वाऱ्याखालोखाल वेळ वाढवतात त्या माणसांनी आखलेल्या हद्दी. देशातलं आकाश सगळं प्रवासी विमानांना मोकळं नाही. हवाई दलाच्या सरावाचे मोठमोठे पट्टे राखीव असतात. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की, भारतीय आकाशापैकी फक्त ६० टक्के मुक्तपणे वापरता येतं, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे हजार कोटी रुपयांची बचत होईल. मुंबई-दिल्ली मार्गावरचं प्रत्यक्ष कापलेलं अंतर ११३८ न भरता बाराशेच्या आसपास जातं, त्यातला काही भाग वळणांचा आणि काही या राखीव पट्ट्यांना वळसा घालण्याचा. परदेशी प्रवासात तर शेजाऱ्याने दार लावलं की संपलं. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्तानचं आकाश बंद होतं. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नाला उतरू लागली. दिल्ली आणि न्यूयॉर्क होती तिथेच आहेत, त्यांच्यातलं बृहद्वृत्तही. वेळ मात्र काही तासांनी लांबली.

घड्याळांचा घोळ मुंबई-दिल्लीत नाही, ही त्यातल्या त्यात सुटका. पूर्वी तोही होता. मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालायची. प्रमाणवेळेवर चालणाऱ्या दिल्लीहून मुंबईत आलेल्या माणसाला, इथल्या घड्याळाकडे पाहिलं तर, पाऊण तासाच्या आसपास वेळ फुकट मिळाल्यासारखं वाटत असणार.

कोणत्याही दोन शहरांची तिकिटावरची वेळ साधारण किती असेल, हे काढायचं असेल तर एक ठोकताळा चांगला लागू पडतो. किलोमीटरमधल्या सरळ अंतराला आठशेने भागायचं आणि उत्तरात पाऊण तास मिळवायचा. मुंबई-गोवा (दाबोळी विमानतळ) ४२५ किलोमीटर: बत्तीस मिनिटं अधिक पंचेचाळीस, सव्वा तास. तिकिटावर साधारण तेवढंच असतं. मुंबई-नागपूर ६८० च्या आसपास: एक तास छत्तीस. दिल्ली दोन तास दहा. लंडन ७,२०० किलोमीटर: पावणेदहा तास, त्यात वाऱ्याप्रमाणे थोडं कमी-जास्त. हा पाऊण तास अंतर कितीही असलं तरी जवळजवळ तेवढाच राहतो, कारण रांग, चढण, उतरण आणि वळणं कुणालाच चुकत नाहीत. त्यामुळे गोव्याला जाणारं विमान तिकिटाच्या हिशेबाने तासाला ३४० किलोमीटरने जातं, दिल्लीचं ५२५ ने आणि लंडनचं ७४० च्या आसपास. विमान तेच, इंजिनं तीच असली तरी. पाचशे किलोमीटरच्या आतल्या शहरांसाठी विमान आणि आगगाडी यांची चुरस होते ती याच पाऊण तासामुळे, आणि त्यात घरापासून विमानतळ, सुरक्षा तपासणी, सामानाचा पट्टा हे तर अजून मोजलेलंच नाही. ते मोजलं तर मुंबई-गोवा विमानाचा सव्वा तास चार-साडेचार तासांचा होतो.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिथून दिल्ली १,१४१ किलोमीटर, म्हणजे सांताक्रूझच्या जुन्या विमानतळापेक्षा तीन किलोमीटर लांब. आकाशात हा फरक बारा-तेरा सेकंदांचा. पण तिथल्या आराखड्यात दोन धावपट्ट्या समांतर आहेत, एकमेकींना न छेदणाऱ्या. दुसरी पूर्ण होऊन दोन्ही एका वेळी चालू लागल्या, तर मुंबईच्या रांगेतली ती अठरा मिनिटं निम्म्यावर यायला हरकत नाही. पनवेल, पेण, पुण्याकडून येणाऱ्यांचा घाटाखालून सांताक्रूझपर्यंतचा वेळ वाचेल तो वेगळा. बोरिवली-विरारकडून जाणाऱ्यांचा तेवढाच वाढेल.